जड पाण्याचा अर्ज

‘जड पाणी’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ होतात, आणि त्यातला दुसरा अर्थ मला वेळेवर कळला होता. मला एवढंच सांगायचं आहे. पण एवढंच सांगितलं तर कुणाला काही उमगणार नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

सोलापुरात पाणी जड आहे असं घरोघर म्हणतात. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, केस राठ व्हायला लागले, की पाणी जड. शाळेच्या पुस्तकात त्याला ‘दुष्फेन पाणी’ म्हणत, पण तो शब्द परीक्षेपुरता. घरी येऊन कुणी आईला ‘आज पाणी दुष्फेन आहे’ म्हणालं असतं तर आईनं कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

मी नववीत होते. सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. आमची मुलींची शाळा, आणि आठवीपर्यंत विज्ञानात पहिला नंबर माझा. आठवीच्या मध्यावर आमच्या वर्गात एक नवी मुलगी आली. सातवीपर्यंत तेलुगू माध्यमात शिकलेली. वडील पूर्व भागातल्या एका कारखान्यात सूत रंगवायचे, आई घरी विड्या वळायची, आणि शाळा सुटली की तीही सूप मांडीवर घेऊन आईशेजारी बसायची. तिच्या बोटांची टोकं तंबाखूनं पिवळट झालेली असत आणि नखांच्या कडांना कुठला तरी रंग, कधी लाल, कधी निळा. मराठी बोलताना ती लिंगं चुकायची. ‘तो वही’ म्हणायची. आम्ही हसायचो, तीही हसायची.

विज्ञानाच्या बाईंनी काही विचारलं की मी हात वर करायचे. तिचा हात वर जात नसे. ती बाईंनाच उलट विचारायची, ‘पण बाई, मग थंड केल्यावर परत का नाही होत?’ आणि बाई खडू हातात धरून थांबायच्या. हे थांबणं मला सहन व्हायचं नाही. तासाला बाई तिच्याकडे किती वेळा बघतात, हे मी वहीच्या शेवटच्या पानावर रेघा मारून मोजायचे. चार उभ्या रेघा आणि एक आडवी. असं पान भरलं की फाडून टाकायचे आणि दुसरं सुरू करायचे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मार्चमध्ये शाळेत एक सायक्लोस्टाइल केलेलं पत्रक आलं. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत मे महिन्यात चार आठवडे, शाळेतल्या मुलांना शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करायला मिळणार होतं. राहणं-जेवण संस्थेकडे. एका शाळेतून अर्ज दोनच. स्वतः केलेल्या प्रयोगाची माहिती दोन पानांत, इंग्रजीत टाइप करून पाठवायची. आमच्या जिल्ह्यातून फार तर दोघं घेतील, असं बाई म्हणाल्या, आणि तिचं नि माझं नाव पुढं केलं.

माझा प्रयोग सूर्यचुलीचा. खोका, काच, आरसा, आत काळा रंग. खोका वडिलांनी केला होता, काच वडिलांनी बसवली होती. काळा रंग मी दिला होता.

तिचा प्रयोग बघायला मी पहिल्यांदा तिच्या घरी गेले. एकच खोली, पुढं अंगण, अंगणात दोरीवर सुताच्या लडी वाळत घातलेल्या. ‘रा अम्मा, कूर्चो,’ तिची आई म्हणाली आणि विड्यांचं सूप बाजूला सरकवून मला जागा केली. ये, बस, एवढं मला कळलं. तिनं वही काढली.

शहरातल्या सात विहिरींचं पाणी तिनं आणलं होतं. म्हणजे तिच्या वडिलांनी. कामावर जायच्या आधी, पहाटे, सायकलच्या दोन्ही बाजूंना डबे लटकवून. रोज एक विहीर. प्रत्येक पाण्यात साबणाचं पाणी थेंब थेंब टाकायचं आणि फेस टिकेपर्यंत किती थेंब लागले ते लिहायचं. मग त्याच पाण्यात सुताची एक लडी रंगवायची, रंग तोलून तेवढाच. वाळल्यावर त्यातला एक दोरा वहीत चिकटवायचा. सात ओळी, सात लाल दोरे, आणि ज्या पाण्याला थेंब जास्त त्याचा लाल मळकट. एवढं मला समजलं, आणि एवढंच असतं तर मी वही मिटून घरी गेले असते.

पण पुढचं पान होतं. तीच सात पाणी तिनं उकळून, निवळून परत तपासली होती. चार विहिरींचं पाणी उकळल्यावर सुधारलं होतं, थेंब निम्म्यावर, दोरा उजळ. तीन विहिरींच्या पाण्यात काही फरक नव्हता. खाली तिनं वाकड्यातिकड्या मराठीत लिहिलं होतं, ‘या तीनमध्ये जडपणा वेगळा हाय. कसला ते कळलं नाही.’

‘तुझ्या चुलीत भात झाला का गं?’ तिनं विचारलं.

‘झाला की.’

‘किती वेळानं?’

‘चार तासांनी.’

‘मग एकादशीला लई बरी,’ ती म्हणाली. ‘चूल उन्हात मांडायची, उपास सोडायच्या टायमाला भात तयार.’ तिची आई विडी वळता वळता हसली. मीही हसले. घरी येताना त्या हसण्याचा मला इतका राग आला होता की कोपऱ्यावर वडील भेटले तर त्यांच्याशी बोलले नाही.

आम्ही दोघींनी वह्या बाईंना दाखवल्या. बाई शिक्षकांच्या खोलीत चहा घेत होत्या. माझी वही बघता बघता त्यांनी दोन बिस्किटं चहात बुडवून खाल्ली, ‘नीटनेटकं आहे हं,’ म्हणाल्या. मग तिची वही उघडली. दुसऱ्या पानावर गेल्या, परत पहिल्यावर आल्या, दोऱ्यांवरून बोट फिरवलं. चहावर साय धरली. तो चहा त्यांनी शेवटपर्यंत घेतला नाही. आज डोळे मिटले तरी मला बाईंचा चेहरा आठवत नाही, पण ती साय दिसते.

‘हिचं इंग्रजी कच्चं आहे,’ बाई मला म्हणाल्या. ‘तुझे वडील कोर्टात टायपिस्ट आहेत ना? तू तिचं इंग्रजी करून दे आणि दोन्ही अर्ज त्यांच्याकडून टाइप करून घे. मैत्रीण आहे तुझी.’

शाळेतून बाहेर पडताना तिनं मला सांगितलं, ‘नान्ना म्हणालेत, पुण्याचा कागद आला तर कॉलेजात घालतो. मग घरातले काय म्हणायचं ते म्हणू देत. नाही आला तर दहावीवर बास.’ नान्ना म्हणजे तिचे वडील. म्हणजे त्या अर्जावर काय अवलंबून होतं ते मला तिच्याच तोंडून कळलेलं होतं. ‘तेव्हा लहान होतो, काय कळत होतं’ असं मी नंतर पुष्कळ वर्षं मनाशी म्हणत आले. ते खरं नाही.

शनिवारी दुपारी मी शब्दकोश घेऊन बसले. आता जे लिहिते ते नीट लिहायला हवं, कारण यातलं पहिलं पाऊल खरोखरच चूक होती. तिच्या मराठी मजकुरात सगळीकडे ‘जड पाणी’ होतं. मथळाच होता, ‘सात विहिरींचं जड पाणी आणि सुताचा रंग’. जड म्हणजे हेवी. पाणी म्हणजे वॉटर. मी लिहिलं, हेवी वॉटर. दोन पानांत अकरा वेळा.

रविवारी सकाळी वडील आम्हाला ओळखीच्या एका टायपिंगच्या क्लासमध्ये घेऊन गेले. आम्हाला म्हणजे मला आणि माझ्या धाकट्या भावाला, तो नुसताच टाइपरायटरची बेल वाजते ते बघायला. आधी माझा अर्ज झाला. त्यातलं इंग्रजी वडिलांनी स्वतः दोनदा तपासलेलं. मग तिचा. मथळा टाइप करून वडील थांबले.

‘हेवी वॉटर? हे पेपरात येतं ते का गं?’

‘नाही दादा, हे विहिरीतलं आहे.’ वडिलांना आम्ही दादा म्हणायचो.

‘अणूचं काहीतरी वाचलं होतं बघ मी. रद्दीत असेल. बघून घे हो घरी गेल्यावर. तुमच्या शास्त्रातलं मला काय कळतंय!’ आणि त्यांनी पुढं टाइप केलं.

मी घरी गेल्यावर बघितलं. रद्दीचा गठ्ठा सोडून एकेक पेपर काढला आणि तिसऱ्या-चौथ्या पेपरात मला ते सापडलं. राजस्थानात अणुस्फोट झाल्यापासून पेपरवाल्यांना तोच विषय होता. ‘जड पाणी’ असा मथळा, आणि खाली सरळ मराठीत समजावून दिलेलं, की हे साधं पाणी नव्हे, हे वेगळ्या हायड्रोजनचं पाणी, अणुभट्टीत लागतं, आणि ते तयार करायला मोठमोठे कारखाने उभे करावे लागतात. इंग्रजीत हेवी वॉटर. आमच्या विहिरीतल्याला इंग्रजीत हार्ड म्हणतात, हे मग मी शब्दकोशात उलट बाजूनं शोधून काढलं.

अर्ज फळीवर होते. पाकिटं उघडी. टायपिंगचा क्लास संध्याकाळी पाचपर्यंत चालू होता. अर्ध्या तासाचं काम होतं, आणि वडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी चप्पल पायात घातली असती.

मी पेपर घडी घालून गठ्ठ्यात परत ठेवला. सुतळी बांधली. गाठ मारताना मी काय विचार करत होते ते मला स्पष्ट आठवतं. तिचाच तर शब्द आहे, मी तो बदलला नाही. पुण्याचे लोक हुशार असतील, समजून घेतील. आणि नाही घेतलं, तर मी काय करू?

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, ‘बघितलंस का गं ते?’

‘बघितलं,’ मी म्हणाले. ‘बरोबर आहे.’

सोमवारी मी दोन्ही पाकिटं रजिस्टर केली. पावत्या बाईंना नेऊन दिल्या. त्या दिवशी मी वहीत रेघा मारल्या नाहीत.

एप्रिलच्या शेवटी कागद आला. माझा. तिचा नाही. आणखी पंधरा दिवस ती पोस्टमनची वाट बघत होती, आणि तिचे वडील कारखान्यातून जेवायला घरी आले की आधी दारातूनच तिच्या तोंडाकडे बघायचे, असं तिच्या आईनं माझ्या आईला पुढं कधी तरी सांगितलं. मी पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी ती घरी आली. एक टॉवेल घेऊन आली होती, पांढरा, लाल काठाचा. ‘काठाचं सूत मी रंगवलंय. उकळलेल्या पाण्यातलं हाय, जाणार नाही रंग. तिथल्या पाण्यात धू आणि मला सांग.’

पुण्यात पहिल्या आठवड्यातच ते झालं. चहाच्या सुट्टीत आमचं शिबिर बघणारे सर, पन्नाशीचे, कोटाच्या खिशात पेन्सिली ठेवणारे, मुलांमध्ये येऊन उभे राहिले.

‘सोलापूरची कोण?’

मी हात वर केला.

‘काय हो, तुमच्याकडे म्हणे सात विहिरी हेवी वॉटरनं भरल्यात! आम्ही इथं थेंबाथेंबाला तरसतोय आणि तुम्ही त्यात कपडे रंगवता?’

सगळे हसले. मी चहाचा कप हातात धरून उभी होते. मीही हसले. खरं सांगायचं तर इतरांपेक्षा मोठ्यानं हसले.

त्याच संध्याकाळी सरांनी मला जिन्यात गाठलं. चेष्टेचा सूर गेलेला होता. ‘ती मुलगी तुझ्याच शाळेतली ना? निवड करायला बसलो तेव्हा बाकीचे म्हणाले, शब्दाचा अर्थ माहीत नाही, कुठून तरी उतरवलंय. मलाही तसंच वाटलं. नंतर मी ते तक्ते परत बघितले. उकळून सुधारणारं आणि न सुधारणारं, हे तिनं वेगळं काढलंय. कुणी न सांगता. हार्ड म्हणायचं होतं तिला. जागा भरून गेल्या होत्या तोवर.’ त्यांनी खिशातली पेन्सिल काढून परत ठेवली. ‘तिला माझा निरोप सांग. म्हणावं, तुझं काम मला या सगळ्या अर्जांत सर्वात चांगलं वाटलं. म्हणावं, सोडू नकोस. पुढच्या वर्षी मला सरळ पत्र टाक. सांगशील?’

‘सांगते सर.’

चार आठवड्यांत मला ते सर माझ्या कामाविषयी एकदाच काही बोलले. ‘अक्षर छान आहे,’ म्हणाले.

परत आले त्या दिवशी ती शाळेच्या फाटकाशी उभी होती. टॉवेलचं विचारलं. रंग गेला नव्हता, तसं मी सांगितलं. मग चप्पलेनं माती उकरत तिनं विचारलं, ‘माझ्या अर्जाचं काही निघालं का गं तिथं?’

‘नाही,’ मी म्हणाले. ‘शेकड्यांनी येतात अर्ज. कोण बघतंय!’

‘व्हय. तेच की,’ ती म्हणाली.

मी लिहिलं तो शब्द चुकून लिहिला. पाकीट फळीवर राहू दिलं ते हेव्यानं. पण हे ‘नाही’ मी पूर्ण शुद्धीत, उन्हात, तिच्या तोंडाकडे बघत म्हणाले. तेव्हा तर माझ्या हातून काही जाणारही नव्हतं. शिबिर संपलं होतं. मला फक्त ते वाक्य तिला मिळू द्यायचं नव्हतं.

दहावी झाल्यावर तिचं लग्न झालं, त्याच भागात, रंगकाम करणाऱ्यांच्याच घरात. मी रसायनशास्त्र शिकले आणि पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत लागले. तीस वर्षं मी पाण्याचा जडपणा मोजते आहे. काचेच्या नळीतून एकेक थेंब सोडायचा आणि खालच्या पाण्याचा लालसर रंग निळा झाला की नळी बंद करायची. थेंब मोजायचे. नोकरी लागली तेव्हा वाटलं होतं, रोज तेच करत राहिलं की ते बोथट होईल. झालं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर ती प्रयोगशाळेत आली. केस पांढरे, चष्मा, नखांच्या कडा निळ्या. मी ओळखलं, तिनं आधी ओळखलं. नवऱ्याचा आणि तिचा आता स्वतःचा रंगाचा छोटा कारखाना आहे. कुठला रंग किती तोलायचा ते तीच ठरवते, असं बरोबर आलेल्या तिच्या जावयानं सांगितलं. नवीन बोअर घेतली होती, कर्जाच्या कागदपत्रांना पाण्याचा रिपोर्ट हवा होता. तिनं बाटली टेबलावर ठेवली.

‘लई जड हाय,’ ती म्हणाली. ‘उकळून सुधारत नाही. मी बघितलं घरी साबणानं. तुमचा आपला शिक्का पायजे म्हणून आणलं.’

दोन दिवसांनी रिपोर्ट तयार होता. माझ्या काचेच्या नळीनं तेच सांगितलं होतं जे तिच्या साबणानं. ती एकटीच आली होती. मी दार लोटलं आणि सांगितलं. शब्दकोशापासून सांगितलं. रद्दी, सुतळी, वडिलांचा प्रश्न, सगळं.

तिनं हातातला रिपोर्ट टेबलावर ठेवला. मग म्हणाली, ‘हेवी वॉटर म्हंजे ते बॉम्बचं?’

‘हो.’

‘अगं बाई!’ आणि ती हसायला लागली. चष्मा काढून हसली. ‘सात विहिरी! तरीच नाही बोलावलं की. पोलीस आले नाहीत ते नशीब म्हण!’ डोळे पुसत म्हणाली, ‘सोड. पोरीबाळी होतो. तसंही कोण पाठवत होतं मला?’

मी तिथंच थांबू शकले असते. तिनं सुटका केलीच होती माझी. पण मग मी तिला पुण्यातल्या जिन्यातलं सांगितलं आणि सरांचा निरोप सांगितला.

तिचं हसणं गेलं.

‘काय म्हणाले? परत सांग.’

मी परत सांगितलं.

‘सगळ्या अर्जांत?’

‘सगळ्या अर्जांत.’

‘मराठीत म्हणाले का इंग्रजीत?’

‘मराठीत.’

तिनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘नान्ना होते तवर सांगायला पायजे होतंस. सायकलवरनं पाणी त्यांनी आणलं होतं. शेवटपर्यंत म्हणत होते, आपलंच कायतरी चुकलं असंल, आपल्याला कुटं लिहिता येतंय.’

माफ करते असं ती म्हणाली नाही. पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. मग तिनं माझ्या टेबलावरचा कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

‘लिहून दे. ते सर काय म्हणाले ते. जसंच्या तसं.’

मी लिहायला लागले. तिचं पूर्ण नाव, शाळा, इयत्ता. मग, ‘सात विहिरींच्या दुष्फेन पाण्याविषयीचं हे काम मला सर्व अर्जांत...’

टेबलावर वाकून ती एकेक अक्षर वाचत होती. तिनं बोट ठेवलं.

‘ते काय लिहिलंस? दुष्फेन नको. जड लिही.’

मी तो शब्द खोडला आणि वर ‘जड’ लिहिलं. तिनं कागद दोनदा वाचला. वाचताना तिचा चेहरा जो झाला होता तो बघून, या वयात, एवढं सगळं सांगून झाल्यावरही, माझ्या बोटानं टेबलावर चार उभ्या रेघा ओढल्या आणि एक आडवी. माझ्याविषयी असं वाक्य कुणी कधी म्हटलेलं नाही.

रिपोर्ट टेबलावरच विसरून ती निघाली. मी हाक मारल्यावर जिन्यातून परत येऊन घेऊन गेली. तो दुसरा कागद मात्र तिच्या मुठीत होता.